फळीला गोंद नको

पोरी,

दागिन्यांच्या पेटीचे फोटो पाहिले. वैशाखात केलेली पेटी, आणि श्रावण लागत नाही तोच दोन कोपऱ्यांत नख जाईल एवढी फट. गिऱ्हाइकानं परत पाठवली, म्हणून तू विचारतेस की साग सोडून एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला तक्ता, धरू का. एमडीएफचं पुढे सांगतो. आधी फट.

तळाची आणि झाकणाची फळी तू खाचेत चारी बाजूंनी गोंद लावून बसवलीस. फळीला गोंद लावायचा नसतो. सपाट चिरलेली सागाची फळी, ओलावा एक टक्का बदलला की रुंदीत साधारण ०.२ टक्के बदलते. आपल्या नागपुरात मे महिन्यात लाकडातला ओलावा सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि ऑगस्टात तेरा टक्क्यांच्या वर जातो असं धर. तुझी फळी १७० मिमी रुंद, म्हणजे सव्वादोन-अडीच मिमीचा फरक. चौकटीच्या पट्ट्या लांबीत जवळजवळ हलतच नाहीत. फुगलेली फळी त्यांना बाहेर रेटते. तुझे कोपरे ४५ अंशांत कापलेले, नुसत्या गोंदावर उभे. पहिले तेच सुटणार. दोष सागाचा नाही.

बाजू १२ मिमी जाड असेल तर खाच ५ मिमी खोल पुरे. उन्हाळ्यात जुळणी करत असशील तर रुंदीच्या दोन्ही अंगांना दीड-दीड मिमी मोकळी जागा ठेव. भर पावसाळ्यात करत असशील तर फळी खाचेच्या तळाला टेकली तरी चालेल, कारण पुढे ती आकसणारच आहे. फळी खुळखुळते म्हणून गोंदाचा मोह होतो, माहीत आहे. दोन्ही टोकांना मधोमध एकेक थेंब लाव, बस्स. आणि जुळणीआधी फळीला कडेपर्यंत पॉलिश करून घे, नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसली की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ दिसते.

लकडगंजातल्या लाकडाच्या वखारीत 'एकदम सुकं आहे' म्हणून माल देतील. देऊ दे. घरी आणून फळ्यांमध्ये पट्ट्या घालून रचून ठेव. एक फळी दर दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाक. आठवडाभर वजन तेच भरलं की मग रंधा हातात घे. आलापल्लीचा साग असो की महालातल्या पाडलेल्या वाड्याची तुळई, हे चुकत नाही. तुळईत खिळे तेवढे शोध, रंध्याचं पातं वाचेल. साग तेलकट असतो. सांध्याचं तोंड ज्या दिवशी तासलं त्याच दिवशी, गोंदाच्या जरा आधी थिनरनं पुसून घे. आठवड्यापूर्वी तासलेल्या तोंडावर गोंद नीट धरत नाही.

थोडं मागे जाऊन बघ. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सादेली कामाच्या पेट्या विलायतेत जात. हस्तिदंत, शिंग, आबनूस, कथील यांच्या बारीक काड्या चिकटवून जुडी बांधायची, तिचे आडवे पातळ काप काढायचे आणि चंदनाच्या पेटीवर डकवायचे. हा हुन्नर शिराझहून सिंध आणि सुरतमार्गे आला. अशी जुनी पेटी हाती आली की जाणकार आधी सुटलेले तुकडे बघतो. खालचं चंदन हलतं, वरचा काप त्याच्याबरोबर जात नाही. एवढे कसबी कारागीर, त्यांनाही लाकडानं सोडलं नाही. तुला-मला काय सोडणार!

तोच न्याय आरशाला. आपल्या फणीकरंड्याच्या पेटीसारखा झाकणात आरसा बसवणार असशील तर तो चिकटवू नको. चारी बाजूंनी बारीक पट्टी मारून मोकळा धर. हे मी पुन्हा पुन्हा सांगतोय आणि सांगत राहणार.

बिजागरीची खाच प्रत्येक बाजूला, मिटलेल्या बिजागरीच्या जाडीच्या बरोबर निम्मी. जास्त खोल गेली की झाकण मागे अडतं आणि पुढे उघडं राहतं. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात डोकं तुटून येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट कर, मग पितळीला मेण लावून घाल.

आता एमडीएफ. न हलणारा म्हणून तो तुला सोपा वाटतो. पण त्यातून फॉर्मल्डिहाइड आणि आम्लाची वाफ सुटते, आणि मोती म्हणजे चुनाच. बंद पेटीत नथीच्या मोत्यांची चकाकी जाते. लोकरी फेल्ट आणि रबरी सोल्युशनही नको. त्यातलं गंधक चांदी काळी करतं. धुतलेलं सुती मखमल वापर. त्याचा तुकडा, घासलेली चांदीची तार आणि ओला कापसाचा बोळा काचेच्या बरणीत बंद करून ठेव, महिन्याभरात कापड बोलेल. ब्रिटिश म्युझियमच्या ऑडींनी १९७३ साली हीच परीक्षा मांडली. तिथे ६० अंशांत २८ दिवस ठेवतात. आतून तेलपाणी करू नको, वास कुबट होतो आणि जात नाही. आत चपडा लाखेचा पातळ हात दे.

तळाला चांगला प्लाय घातलास आणि लाखेनं बंद केलास तर मी भांडणार नाही. झाकणाला मात्र साग. हट्टी म्हणतात मला, एका पेटीला एवढा वेळ लावतो म्हणून. लावतो. इतवारीच्या सराफ्यात तयार खोके ढिगानं मिळतात, ज्यांना ते हवेत त्यांनी घ्यावेत.

दागिना मोजल्याशिवाय कप्पे आखू नको. २-८ची बांगडी आतून अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिमी, पाटलीची जाडी धरून कप्पा ८० मिमी हवा. अंगठ्यांच्या खणात फोम नको, काही वर्षांत तो चिकट होऊन भुरभुरतो. सुती कापडाच्या वळकट्या कर.

परत आलेल्या पेटीचं असं कर. तळ आणि झाकण दोन्ही फळ्या कडेनं करवतून सोडव. कोपरे मिटतील. एक बाजू उघडून जुना गोंद खरवड, फळीच्या खाचेतला चुरा पटाशीनं काढ आणि नव्या फळ्या कोरड्याच सरकव. मग कोपऱ्यांना नवा गोंद लावून, कर्ण मोजूनच पुन्हा आवळ. त्यानंतर प्रत्येक कोपऱ्यात आडवी ३ मिमी खाच मारून सागाचीच पातळ पट्टी ठोक.   गिऱ्हाइकाला सांग, पेटी दसऱ्यानंतर मिळेल.