एडिसनमध्ये घर घेताना जवळपासच्या पब्लिक स्कूल्सची तुलना कशी करावी?

तुमचा प्रश्न असा: एडिसनमध्ये (न्यू जर्सी) दोन घरं पसंत आहेत. एकाच्या एलिमेंटरी शाळेला (पाचवीपर्यंतची) ग्रेटस्कूल्सवर, म्हणजे शाळांना १० पैकी रेटिंग देणाऱ्या वेबसाइटवर, ९, दुसऱ्याच्या शाळेला ७. नऊवालं घर बरंच महाग आहे आणि मुलगी सप्टेंबरमध्ये तिसरीत जाईल. वरचे पैसे मोजावेत का?

एलिमेंटरीसाठी मोजू नका. दोन्ही शाळा एकाच डिस्ट्रिक्टच्या (गावातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था), म्हणजे अभ्यासक्रम एक, शिक्षकांचा पगारकरार एक आणि मालमत्ता कराचा दरही एकच. (महाग घराला कर मात्र जास्त बसेल, आणि त्या बिलातला सगळ्यात मोठा वाटा शाळांचाच असतो.) शिवाय मुलगी तिथे तिसरी ते पाचवी, तीनच वर्षं राहणार. पुढे मिडल स्कूलची (सहावी ते आठवी) तीन आणि हायस्कूलची चार वर्षं आहेत. त्यामुळे पत्ता कुठल्या मिडलमध्ये पडतो ते आधी बघा. जॉन अ‍ॅडम्स आणि वुड्रो विल्सनची मुलं जे. पी. स्टीव्हन्स हायस्कूलला जातात, हर्बर्ट हूवर आणि टॉमस जेफरसनची एडिसन हायस्कूलला. तुमची दोन्ही घरं एकाच मिडलच्या हद्दीत पडत असतील, तर ९ आणि ७ चा वाद तीन वर्षांपुरताच.

घराच्या जाहिरातीत खाली जी शाळांची नावं येतात, त्यांवर विसंबू नका. हद्द कधी कधी रस्त्याच्या मधून जाते आणि समोरासमोरच्या घरांच्या शाळा वेगळ्या निघतात. रिअल्टरला (घरांच्या दलालाला) विचारलंत तर तो वेबसाइटकडे बोट दाखवेल. 'ही शाळा चांगली, ती वाईट' असं बोलणं त्याला घरविक्रीतल्या भेदभावाच्या कायद्यामुळे अंगाशी येऊ शकतं. त्यापेक्षा डिस्ट्रिक्टच्या नोंदणी विभागाला घर क्रमांकासकट पत्ता ईमेल करा आणि लेखी उत्तर मागा. त्याच ईमेलमध्ये विचारा की तिसरीचे वर्ग भरलेले असतील तर नव्या मुलाला कुठल्या शाळेत पाठवता? जवळची शाळा बघून घर घ्यायचं आणि मूल बसने दुसरीकडे जायचं, असं होऊ शकतं. बसचंही लक्षात घ्या: राज्याच्या नियमाने आठवीपर्यंत २ मैलांहून लांब आणि हायस्कूलला अडीच मैलांहून लांब असेल तरच बस देणं बंधनकारक आहे. त्याच्या आत घर असेल तर सोडण्या-आणण्याची सोय बहुधा तुमची तुम्हालाच बघावी लागेल.

आता रेटिंग. ग्रेटस्कूल्सच्या एका आकड्यात परीक्षेचे गुण, प्रगती असं बरंच काही एकत्र घुसळलेलं असतं. ते सुटं करून बघायचं तर राज्याच्या शिक्षण विभागाचे 'स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट' उघडा, फुकट मिळतात. दोन्ही शाळांचे शेजारी-शेजारी ठेवा.

त्यात दोन आकडे वेगळे वाचायचे. पहिला, एनजेएसएलए या राज्याच्या वार्षिक परीक्षेत लेव्हल ४ आणि ५ मिळवणाऱ्या (७५० किंवा जास्त गुण) मुलांची टक्केवारी. एडिसनसारख्या गावात हा आकडा शाळेइतकाच आई-वडिलांच्या शिक्षणाबद्दल आणि शनिवारच्या ट्यूशनबद्दल बोलतो. दुसरा आकडा 'स्टुडंट ग्रोथ'. राज्यात आधी साधारण तेवढेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे सरकली, याचा हा मध्यक असतो, १ ते ९९ मध्ये. ५० च्या आसपास म्हणजे सर्वसाधारण. समजा, एका शाळेत ८० टक्के मुलं पास आणि ग्रोथ ४२, दुसरीत ६६ टक्के आणि ग्रोथ ६१. मी डोळे झाकून दुसरी निवडेन. पहिल्या शाळेत मुलं हुशार येतात. दुसरीत शिकवलं जातंय.

पण एकाच वर्षावर निकाल देऊ नका. एका इयत्तेत ६० मुलं असतील तर सहा मुलांनी टक्केवारी १० ने हलते. २०२० आणि २०२१ मध्ये परीक्षाच झाल्या नाहीत आणि ग्रोथ काढायला आधीच्या परीक्षेचे गुण लागतात, म्हणून २०२३ पासूनची वर्षं ओळीने ठेवून कल बघा. शिवाय परीक्षा तिसरीपासून सुरू होते, त्यामुळे जेम्स मॅडिसन प्रायमरीसारख्या दुसरीपर्यंतच्या शाळेला हे आकडे नसतातच. तिथली मुलं तिसरीला जेम्स मॅडिसन इंटरमीडिएटमध्ये जातात, तेव्हा तिचा रिपोर्ट बघा.

मिडलचा रिपोर्ट बघताना एका जागी हमखास फसगत होते. आठवीचं गणित भयंकर वाईट दिसतं. कारण गणितात पुढे असलेली मुलं आठवीतच अल्जेब्रा-१ (एरवी हायस्कूलचा बीजगणिताचा विषय) घेतात आणि त्याचीच परीक्षा देतात. आठवीच्या रकान्यात उरलेली मुलं राहतात. दोन्ही रकाने एकत्र वाचा. अल्जेब्रासाठी मुलं कधी आणि कशावरून निवडतात, हे मात्र शाळेलाच फोन करून विचारा, कारण हायस्कूलमधल्या गणिताचा रस्ता तिथे ठरतो.

वर्गातल्या मुलांची संख्याही फोनवरच विचारा. रिपोर्टमधलं शिक्षक-विद्यार्थी प्रमाण म्हणजे वर्गाचा आकार नव्हे. त्यात स्पेशल एज्युकेशनचे आणि इतर शिक्षकही मोजलेले असतात, म्हणून १२:१ दिसलं तरी वर्गात २४ मुलं असू शकतात. गैरहजेरीचा आकडाही बघून ठेवा. १० टक्के दिवस, म्हणजे १८० पैकी १८, बुडवणारी मुलं त्यात येतात. भारतात महिनाभर जाऊन येणारी मुलंही त्यात धरली जातात, म्हणून आपली वस्ती जास्त असलेल्या शाळेत हा आकडा थोडा फुगलेला दिसला तर लगेच दचकू नका.

हायस्कूलच्या हद्दीसाठी फार जास्त पैसे मोजावे लागत असतील, तर आणखी एक पर्याय बघा: मिडलसेक्स काउंटीची (एडिसन जिच्यात येतं ती) सायन्स-मॅथ-इंजिनिअरिंग अ‍ॅकॅडमी हे पब्लिक हायस्कूल एडिसनमध्येच आहे. प्रवेश आठवीत परीक्षा देऊन, आणि अर्ज काउंटीतल्या कुठल्याही पत्त्यावरून करता येतो.