नवीन संस्थेसाठी अनुदान: आधी काय करावं

धर्मादाय आयुक्तांकडे न्यास नोंदवला की लगेच कंपन्यांना प्रस्ताव पाठवू नका. सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) थेट मिळवायला आयकर विभागाच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी केल्यावर मिळणारा सीएसआर-१ क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर वैयक्तिक देणग्या, छोटे फाउंडेशन, रोटरीसारखे क्लब हीच दारं. १२ए, ८०जीची पहिली नोंदणी तात्पुरती असते, ती नियमित करून घ्यायची मुदत चुकवू नका. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरही नाव घाला, बरेच देणगीदार तो क्रमांक विचारतात.

प्रस्ताव बहुतेकदा अंदाजपत्रकामुळे नाकारला जातो. "साहित्य खर्च २ लाख" असं ठोक लिहू नका. ४० मुलं, दर मुलामागे वर्षाला वह्या-पुस्तकांचे ९०० रुपये, म्हणजे ३६,०००, अशी फोड द्या. शिक्षिकेचं मानधन, खोलीभाडं, लेखापरीक्षकाची फी लाजून वगळली, तर सहाव्या महिन्यात मुलांच्या पैशातून भाडं भरावं लागतं. मग खर्चाचा अहवाल मंजूर रकमांशी जुळत नाही आणि पुढचा हप्ता अडकतो. प्रत्येक अनुदानाचं खातेवहीत वेगळं पान ठेवा.

परदेशातून पैसे येणार असतील तर जपून. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातेवाइकाची देणगी चालते. त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) असलं तरी.