कीझरची गॅस लाईन टाकताय? आधी हे वाचा
कीझर म्हणजे बियरचे केग (धातूची पिंपं) थंड ठेवून नळातून बियर काढायला बदललेला चेस्ट फ्रीझर. अरे CO2 चा सिलेंडर फ्रीझरच्या आत ठेवायचा की बाहेर यावर एवढं डोकं खाऊ नकोस, बाहेर ठेव आणि गॅसच्या नळीचं भोक लाकडी कॉलरलाच (फ्रीझर आणि झाकणामधली लाकडी चौकट) पाड, फ्रीझरच्या भिंतीला ड्रिल लावलंस आणि आतली कूलिंगची नळी फुटली तर फ्रीझर गेलाच समज. मॅनिफोल्ड (एका सिलेंडरचा गॅस अनेक केगना वाटणारा जोड) घेताना प्रत्येक तोंडाला चेक व्हॉल्व (गॅस एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आहे ना बघ, नाहीतर बियर उलटी नळीत चढते. बियर ३ अंश सेल्सिअसला असेल तर गॅसचा दाब १० ते १२ पीएसआय बास. आणि साबणाचं पाणी! माझा पहिला ५ पौंडी सिलेंडर एका रात्रीत रिकामा, का तर एक क्लॅम्प ढिला, प्रत्येक जोडावर फेस लावून बुडबुडे बघितले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. केगच्या झाकणाची रबरी रिंगपण तपास.