वाचकांचे प्रश्न : रानाचे वास

प्रश्न : चैत्रात हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर, तिन्हीसांजेला, रानजाईचा (आमच्याकडे तिला कुसर म्हणतात) इतका घमघमाट सुटला होता की वेल दिसण्याआधीच तो कळला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्याच वेलीपाशी उभा राहिलो, तर वास जवळजवळ नव्हताच. असे का होते? आणि रानातला तुमचा सर्वांत आवडता वास कोणता?
— एक वाचक, जुन्नर

उत्तर : फुलाचा वास हे कीटकांना दिलेले बोलावणे असते आणि ते पाहुण्यांच्या वेळेनुसारच दिले जाते. रानजाईसारख्या पांढऱ्या, लांब नळीच्या फुलांकडे प्रामुख्याने निशाचर पतंग येतात. अंधारात रंगाचा फारसा उपयोग नसल्यामुळे अशी फुले आपला सुगंध सांजवेळी आणि रात्री मोकळा करतात. शिवाय उन्हाने तापलेली हवा वर चढताना वास पांगवून टाकते, तर संध्याकाळच्या निवांत हवेत तो जमिनीलगत रेंगाळतो. त्यामुळे तुमच्या नाकाने आपले काम दोन्ही वेळा चोखच केले.

पानांच्या वासाची रीत मात्र निराळी आहे. निर्गुडी किंवा रानतुळस यांच्या पानांवर सुगंधी तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी असतात. पान चुरगळले की त्या फुटतात आणि वास उसळून येतो. त्या तेलाचे मुख्य काम पान कुरतडणाऱ्यांना दूर ठेवणे हे असल्याने, हा वास बोलावण्याचा नसून बजावण्याचा आहे, असे म्हणता येईल.

माझा सर्वांत आवडता वास या दुसऱ्या जातीचा आहे, तो म्हणजे रोशा गवताचा. खानदेशात, सातपुड्याच्या उतारांवर, पावसाळा सरता सरता हे गवत माणसाच्या उंचीला पोचते आणि त्याचे तुरे हळूहळू तांबूस होऊ लागतात. लांबून पाहणाऱ्याला त्यात विशेष काही जाणवत नाही. पण एक तुरा तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडावा, आणि हात नाकाशी न्यावा : आधी ओल्या गवताचा हिरवा, किंचित तिखट वास येतो, आणि मग, क्षणभर थांबल्यावर, त्याच्या आतून चक्क गुलाब येतो. याचे कारण असे की रोशाच्या तेलातला मुख्य घटक जेरॅनिऑल हाच गुलाबाच्या अत्तरातही असतो. खानदेशात भट्ट्या लावून हे तेल पूर्वापार काढले जात आले आहे, आणि महागड्या गुलाबाच्या तेलात त्याची भेसळही होत असे. मला मात्र कुपीतल्या तेलापेक्षा हातावरचा तो चुरा अधिक प्रिय आहे, कारण कुपीत गुलाब उरतो, पण त्याच्या आधीचे ते ओले गवत उरत नाही.

कार्तिकाच्या सुमारास तिकडे जाणे झाले, तर गवत उपटू नये; उभ्या ताटाचा एकच तुरा रगडून पाहावा. तळहातावरचा वास परतीच्या वाटेवर बराच वेळ सोबत करतो.