एररमध्ये प्रश्नचिन्हं दिसत असतील तर आधी युजर फोल्डरचं नाव बघा

जीसीसी (सी भाषेतला प्रोग्राम मशीनला चालवता येईल असा करून देणारा कंपायलर) टाकलं, व्हर्जन विचारलं तर उत्तर येतं, पण मुलाचा साधा 'हॅलो वर्ल्ड' कंपाइल होत नाही आणि एररमधल्या पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात, प्रश्नचिन्हं दिसतात, असं तुम्ही लिहिलंय. मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही अगदी हेच भोगलंय. कंपायलर पुन्हा पुन्हा टाकू नका. विंडोजमधलं युजरचं नाव देवनागरीत आहे का ते बघा, कारण युजर फोल्डरला तेच नाव मिळतं. पायथन ३ नीट चालत असेल आणि सी अडत असेल, तर माझा संशय आणखी पक्का.

जुन्या पद्धतीने फाइल उघडणारी सॉफ्टवेअर विंडोजच्या 'कोड पेज'वर, म्हणजे एखाद्या लिपीच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या जुन्या तक्त्यावर, चालतात. ग्रीकला १२५३ आहे, रशियनला १२५१. मराठी-हिंदीला असं कोड पेज नाहीच, आपली लिपी थेट युनिकोडमध्ये. म्हणून त्या सॉफ्टवेअरला आपल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं मिळतात, आणि फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. लॅपटॉप घेतला त्या दुकानाच्या सर्व्हिस सेंटरने 'व्हायरस आहे' म्हणून फॉरमॅट मारला, न विचारता डी ड्राइव्हसुद्धा. मुलीचं सबमिशन गेलं, सोसायटीचे हिशेब गेले. वर खातं पुन्हा त्याच मराठी नावाने उघडून दिलं! एररचा स्क्रीनशॉट छापून नेला होता, तो कोणी वाचलाही नाही. त्याचा राग अजून जात नाही. मशीन कोणाच्याही हाती देण्याआधी डेटा पेनड्राइव्हवर घ्याच.

माझ्या मते खरा उपाय एकच: इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता नवं लोकल खातं उघडा, फाइली तिकडे न्या, सगळं चालल्यावरच जुनं काढा. कंट्रोल पॅनलमधून नाव बदलून फोल्डरचं नाव बदलत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, हात घालायला सांगणारे भेटतील. घरच्या एकुलत्या एका मशीनवर मी तरी ते करणार नाही.

उद्याच सबमिशन असेल तर तात्पुरतं: कंपायलर आणि प्रोग्राम दोन्ही थेट सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, शिवाय 'टेम्प' आणि 'टीएमपी' ही दोन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणारी विंडोजची सेटिंग) तसल्याच दुसऱ्या फोल्डरकडे वळवा. हे दुसरं बहुतेकांचं राहतं. कंपाइल करताना जीसीसी आपल्या तात्पुरत्या फाइली 'टेम्प' फोल्डरमध्ये लिहितं, आणि ते फोल्डर एरवी युजरच्या नावाखालीच असतं.

रीजन सेटिंगमध्ये कोड पेजऐवजी यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) वापरायचा 'बीटा' पर्यायही आहे. त्याने काम होऊ शकतं, पण घरात कोणी युनिकोडपूर्व फॉन्टचं जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्याची अक्षरं बिघडू शकतात, म्हणून मी सुचवत नाही.

हे सगळं मिनजीडब्ल्यूच्या, म्हणजे विंडोजवर चालणाऱ्या जीसीसीच्या, अनुभवावरून. तुमचा कंपायलर दुसरा असेल तर एररची पूर्ण ओळ इथे टाका. आणि डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर कोड तिथे ठेवू नका.