मुलीचा टीआयएफ-१ गॅमा पॉझिटिव्ह आला, म्हणजे कॅन्सरची भीती आहे का?

तुमची सात वर्षांची मुलगी, ज्युवेनाइल डर्माटोमायोसायटिसचं निदान (लहान मुलांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि कातडीवर उलटते तो आजार), मायोसायटिस पॅनेलमध्ये, म्हणजे या आजाराच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासणीत, टीआयएफ-१ गॅमा ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह, आणि नेटवर त्याच्यापुढे 'कॅन्सर' वाचून घरात कुणाला झोप नाही. असं तुम्ही लिहिलंय.

आधी उत्तर: नेटवरचं ते मोठ्यांबद्दल आहे. चाळिशीनंतर हा आजार होऊन ही अँटिबॉडी सापडली, तर डॉक्टर कुठं गाठ लपलीय का ते कसून शोधतात आणि ते योग्यच आहे. मुलांमध्ये मात्र हीच अँटिबॉडी सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी एक आहे आणि कॅन्सरशी तिचा तसा संबंध दिसलेला नाही. डॉक्टरांनी पोट, मानेच्या-काखेच्या गाठी चाचपल्या असतील, रक्ताचे नेहमीचे रिपोर्ट ठीक असतील, तर केवळ रिपोर्टमधल्या या एका रेघेपायी पेट-स्कॅनसाठी पुणं-मुंबई गाठायची सहसा गरज पडत नाही.

मी कोल्हापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. औषध लिहून देणं माझं काम नाही, पण ही मुलं महिनोन्महिने माझ्या चटईवर असतात. त्यामुळं सांगते, रिपोर्टइतकंच मुलीकडं बघा. उताणं झोपवून नुसतं डोकं उचलायला सांगा आणि सेकंद मोजा. मान कमकुवत असली की हनुवटी वर जाते, डोकं गादीवरून सुटतच नाही. जमिनीवरून उठताना मूल आधी पालथं होतं, मग गुडघ्यांवर हात रोवत स्वतःच्याच अंगावरून चढल्यासारखं उभं राहतं. एसटीची पहिली पायरी, वेणी घालायला वर जाणारे हात, यातच आजार दिसतो. अशा चौदा क्रिया मोजून आम्ही ५२ पैकी गुण देतो. औषध लागू पडतंय का ते त्यावरून बऱ्यापैकी कळतं.

अँटिबॉडी सांगते ती दिशा. टीआयएफ-१ गॅमात कातडी जास्त छळते: पापण्यांवर जांभळट झाक, बोटांच्या सांध्यांवर लालसर पुरळ, उन्हात सगळंच भडकतं आणि आजार चिवटपणे रेंगाळू शकतो. एनएक्सपी-२ ही दुसरी अँटिबॉडी असली तर अशक्तपणा जास्त, शिवाय पुढं कातडीखाली कॅल्शियमचे खडे होण्याकडं लक्ष ठेवावं लागतं. एमडीए-५ फसवी, स्नायू बरे वाटतात, पण बोटांवर जखमा होतात, सांधे सुजतात आणि फुप्फुसं तपासावीच लागतात. एमआय-२ वाली मुलं बहुधा औषधाला चांगली साथ देतात. एसआरपी दुर्मीळ, पण तिच्यात पुरळ जवळजवळ नसतं, सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारोंत जातं आणि मुलाला मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार, समजून 'यावर इलाज नाही' म्हणून घरी पाठवलं जाण्याचा धोका असतो. बऱ्याच मुलांत यातली एकही सापडत नाही, तरी आजार असतोच. आणि तपासणीच्या पट्टीवर उमटलेली फिकट रेघ खोटीही असू शकते, म्हणून रिपोर्ट मुलाच्या लक्षणांशी ताडून बघणारा बालसंधिवाततज्ज्ञ हवा.

यकृताच्या तपासणीतली एसजीओटी-एसजीपीटी ही एन्झाइम्स वाढलेली दिसली म्हणून कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषध सुचवेल. आपल्याकडं हमखास सुचवतात. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात; सीपीके आणि एलडीएच हे आणखी एक एन्झाइम सोबत वाढलं असेल तर यकृताला दोष देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

स्टिरॉइडनं तोंड सुजलं म्हणून परस्पर बंद करू नका, ते अंगावर बेतू शकतं. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध) दिलं असेल तर ते आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज दिलं गेलं तर विषबाधा होते, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेवा. सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्या पावसाळ्यातही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर दिवसभर ऊन आणि गर्दी दोन्ही, त्यामुळं यंदा लेकीला घरीच ठेवा, देव समजून घेईल. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. व्यायाम मात्र थांबवू नका. पूर्वी पूर्ण विश्रांती सांगत, आता बेताबेतानं वाढवत नेतात.

पाणी पिताना ठसका लागला, आवाज नाकातून यायला लागला, धाप लागली, पोटात जोराचं दुखलं किंवा काळी शी झाली, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, जाताना चालू औषधांची यादी आणि हा रिपोर्ट बरोबर घ्या.