पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.१८ आला, म्हणजे माझी २०१२ ची कार बीएस-६ इतकीच स्वच्छ समजायची का?

नाही, तसा अर्थ निघत नाही. तुमचं म्हणणं असं, की नाशिकमध्ये घेतलेल्या पेट्रोल कारचा सीओ ०.१८ टक्के आला आणि बीएस-६ कारलाही पीयूसीत मर्यादा ०.३ टक्केच आहे, मग फरक काय राहिला? आकडे बरोबर आहेत, पण या दोन वेगवेगळ्या परीक्षा आहेत.

पीयूसीवाला गाडी न्यूट्रलला चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतो. कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतो, मुख्य भर यावरच. नायट्रोजन ऑक्साइड तिथे बघतच नाहीत. तसेही ते उभ्या गाडीत फारसे तयार होत नाहीत. इंजिनावर ताण पडला, आतलं तापमान चढलं की होतात. चार माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कसारा घाट चढताना गाडी काय सोडते, ते नाशिकच्या द्वारका चौकातल्या पंपावर कसं कळणार?

बीएसचा, म्हणजे भारत स्टेज या सरकारी धूर-मानकाचा शिक्का मिळतो तो मॉडेल बाजारात येण्याआधी. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात, ठरलेल्या वेगांनी पळवतात, धूर पिशव्यांत गोळा करतात आणि किलोमीटरला किती ग्रॅम पडले ते काढतात. पेट्रोल कारला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-३ मध्ये १५० मिलिग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ८०, बीएस-६ मध्ये ६०. खरी उडी डिझेलची: बीएस-४ चे २५० थेट ८० वर आले. शिवाय एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांची मोजणी प्रत्यक्ष रस्त्यावरही होते.

आता तुमची गाडी नक्की कोणती? एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत आलं. त्यात मुंबई, पुणे होतेच, सोलापूरही होतं, पण नाशिक नव्हतं! देशभर सक्ती झाली ती एप्रिल २०१७ ला. त्यामुळे २०१२ ची एमएच-१५, म्हणजे नाशिकच्या नंबरची गाडी बीएस-३ किंवा बीएस-४, काहीही असू शकते. पीयूसीची मुदत बघा: सहा महिने असेल तर बीएस-३, वर्षभर असेल तर बीएस-४. बीएस-३ असेल तर तुमची सीओची मर्यादा ०.३ नव्हे, ०.५ आहे.

पण म्हणून पीयूसी बिनकामाची आहे असं मी म्हणणार नाही. चोंदलेला एअर फिल्टर, गेलेला ऑक्सिजन सेन्सर, धूर स्वच्छ करणारा पण निकामी झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांचा माग त्यात लागतो. अर्थात नळी आत घातली तर. नुसता नंबरप्लेटचा फोटो काढून कागद हातात देणारेही आहेत; तो कागद पोलिसाला दाखवण्यापुरता.

एक गोम मात्र लक्षात ठेवा. सायलेन्सर गळका असला की बाहेरची हवा आत ओढली जाते, धूर पातळ होतो आणि सीओ उलट कमी दिसतो. ही गळती लॅम्डात, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाच्या आकड्यात दिसते. बीएस-४ पासून साधारण २५०० आरपीएमवर तोही बघतात, तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. तो वर गेला तर सेन्सरवर खर्च करण्याआधी इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डपासून सायलेन्सरच्या शेवटापर्यंतचे जोड तपासून घ्या. आणि तपासणीला थंड इंजिन घेऊन जाऊ नका, कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. घर पंपाला लागूनच असेल तर आधी गंगापूर रोडला एक चक्कर मारून या.